बटण दाबलं की केबल लागली पाहिजे

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय मानक ब्युरो, नवी दिल्ली

विषय : स्मार्ट टीव्ही सुरू केल्यावर पहिल्यांदा काय दिसावं, हे ठरवण्याचा हक्क टीव्ही विकत घेणाऱ्याला मिळण्याबाबत.

महोदय,



माझ्या आईच्या पिढीने तुमच्या संस्थेवर जेवढा विश्वास टाकला, तेवढा फार थोड्या सरकारी संस्थांच्या वाट्याला आला असेल. कुकर असो, इस्त्री असो, गॅसची नळी असो, आई ती वस्तू आधी उलटीपालटी करून आयएसआयचा शिक्का शोधायची. दुकानदार म्हणायचा, "काकू, माल तोच आहे हो, फक्त शिक्का नाही." काकू वस्तू खाली ठेवून दुकानाची पायरी उतरायच्या. 1987 साली इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनची भारतीय मानक ब्युरो झाली. आईच्या लेखी त्याने काही बदललं नाही. ती आजही "आयएसआयवाले"च म्हणते.

म्हणून हे पत्र टीव्ही कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आईच्या नव्या टीव्हीच्या पाठीवरही तुमचा नोंदणी क्रमांक आहे. टीव्हीसारख्या उपकरणांसाठी सक्तीच्या नोंदणीचा आदेश 2012 मध्ये निघाला, आणि हा क्रमांक ग्राहकाला हमी देतो की टीव्हीचा शॉक बसणार नाही आणि तो पेट घेणार नाही. हमी खरी आहे. टीव्हीपासून आईला कसलाही धोका नाही. तिला फक्त तो लावता येत नाही.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, मिरजेत एकटी राहते. मी ठाण्यात. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली ही बाई विजेचं बिल फोनवरून भरते, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी पेन्सिलीने तपासते आणि शेजारच्या नातवंडांचे पाढे घेते. तिचा टीव्ही लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं, ते जरा सविस्तर सांगते. कारण टीव्हीची मानकं ठरवणाऱ्या तुमच्या समितीच्या टेबलावर हे कोणी मांडलं असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळ. भिंतीवरचे दोन्ही स्विच चालू. आई टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबते. कंपनीचं नाव झळकतं, थोडा वेळ काळोख, मग चित्रांच्या रांगा उगवतात: सिनेमे, वेबमालिका, कुठल्या तरी क्रिकेट लीगची जाहिरात. त्यातलं एक चित्र न विचारता हलायला लागतं, त्यातून गाड्यांच्या पाठलागाचा आवाज येतो. आईला सातच्या बातम्या हव्या आहेत आणि त्यानंतरची मालिका. केबल या गर्दीत आहे, पण चौकटीत शिरणाऱ्या बाणाच्या एका इवल्याशा चिन्हामागे. ते चिन्ह करड्या पार्श्वभूमीवर करड्या रंगात काढलेलं आहे. ते सापडलं, दाबलं, की यादी येते. एचडीएमआय 1, एचडीएमआय 2, एचडीएमआय 3, एव्ही, टीव्ही.

आता तुम्हीच सांगा, टीव्ही बघायला बसलेलं माणूस यातलं काय निवडेल? आई "टीव्ही" निवडते. आणि या यादीत टीव्ही न दाखवणारा पर्याय नेमका तोच! तो निवडला की पडदा विचारतो : चॅनल सापडले नाहीत, शोध सुरू करायचा का? आई "हो" म्हणते, कारण तिला चॅनल हवेच आहेत. मग टक्केवारीची पट्टी सरकत राहते आणि शेवटी हाती शून्य येतं. येणारच. आपल्या केबलचे सिग्नल कुलूपबंद असतात, ते फक्त सेट टॉप बॉक्सला उघडता येतात. टीव्हीच्या पोटातल्या ट्यूनरने रात्रभर शोधलं तरी त्याला काही मिळायचं नाही.

समजा, एखाद्या दिवशी बॉक्स जोडलेलं एचडीएमआय 1 अचूक लागलं. तर "नो सिग्नल". कारण टीव्ही एका रिमोटने बंद होतो आणि बॉक्स दुसऱ्या रिमोटने. काल रात्री टीव्ही बंद झाला, बॉक्स झालाच नाही. आज तिने सवयीने दोन्ही रिमोट दाबले, तेव्हा टीव्ही लागला आणि बॉक्स झोपला. दोघांची ही चुकामूक ओळखायची तर बॉक्सवरचा दिवा लाल आहे की हिरवा ते बघावं लागतं, आणि तो दिवा मोहरीएवढा असतो. आवाजाचंही तेच. बॉक्सचा आवाज दहावर, टीव्हीचा साठावर, आणि कुठल्या रिमोटने कुठला वाढवायचा हे रोज नव्याने शिकायचं.

यानंतर मला फोन येतो. व्हिडिओ कॉलवर मला बहुतेक वेळा पंखा दिसतो, क्वचित टीव्हीचा एक कोपरा. आणि आईचं वाक्य ठरलेलं : "माझ्याकडूनच काहीतरी भलतं दाबलं गेलं गं."

महोदय, माझा राग या वाक्यावर आहे. जिने हजारो मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवली तिला हे यंत्र रोज संध्याकाळी नापास करतं, आणि तिलाही ते खरं वाटू लागलं आहे.

कोणी म्हणेल, केबल काढून टाका. मुलांनी आईवडिलांना द्यायचा हा सध्याचा आवडता सल्ला आहे : आता सगळं ॲपवर मिळतं. मिळतं, मान्य. पण ॲपवर ते निवडावं लागतं. आईला निवडायचं नसतं. चॅनल लावला की पुढचं आपोआप येतं, अमुक मालिकेच्या वेळी कुकर लावायचा, तमुक संपली की औषध घ्यायचं, असा तिचा दिवस बेतलेला आहे. शिवाय केबलच्या स्थानिक वाहिनीवर गावातल्या गणपतींच्या मिरवणुका दिसतात. मिरजेची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि ती पूर्ण बघितल्याशिवाय आईचं अनंत चतुर्दशीचं पारणं फिटत नाही. राहता राहिला केबलवाला. तो महिन्याला पैसे घ्यायला येतो, बॉक्सची वायर हलवून बघतो, चहा पितो. मोठ्या कंपन्यांच्या हेल्पलाइनवर एक दाबा, दोन दाबा ऐकल्यानंतर त्याची किंमत कळते.

आणि हा दुसरा रिमोट आईच्या घरी आला तो कायद्याने, हेही विसरून चालणार नाही. 2011 मध्ये केबल टीव्हीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि टप्प्याटप्प्याने देशभर सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईत 2012 मध्ये, पुणे-नागपूरसारख्या शहरांत 2013 मध्ये, आणि मिरजेसारख्या शहरांना मुदत होती 31 डिसेंबर 2015 ची. त्याआधी केबलवाल्याची वायर थेट टीव्हीच्या पाठीत जायची. एक वायर, एक रिमोट, आणि टीव्ही लावला की काल बंद करताना जो चॅनल होता तोच समोर. डिजिटल झाल्याने चित्र स्वच्छ झालं, चॅनल वाढले, हे खरं. पण रोज टीव्ही लावण्याचं काम जे अवघड होऊन बसलं ते सरकारने घालून दिलेल्या व्यवस्थेतून. तेव्हा ते सोपं करण्याची जबाबदारी "बाजार बघून घेईल" म्हणून सोडता येणार नाही.

बाजार काय बघतो, ते टीव्ही घेतानाच दिसलं. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे दुकानात 32 इंची कोपऱ्यात आणि 43, 55 दर्शनी भागात. विक्रेता मुलगा उत्साही होता. फोर-के, डॉल्बी, इतके जीबी, रिमोटशी बोला आणि सिनेमा शोधा. मी म्हटलं, "हा बंद करून पुन्हा चालू कर आणि केबल लागेपर्यंत किती बटणं दाबावी लागतात ते दाखव." तो म्हणाला, "मॅडम, दुकानात केबलचं कनेक्शनच नाहीये." मला त्याचा राग आला नाही. जे कोणी विचारतच नाही ते दुकानाने कशाला ठेवायचं?

फोर-केचा हिशेब मात्र त्याला करून दाखवला. बॉक्सवरून येणाऱ्या साध्या, म्हणजे एसडी चॅनलचं चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचं असतं. फोर-के पडदा 3840 गुणिले 2160 चा. भागाकार केला तर बरोबर वीसपट. म्हणजे आईची मालिका त्या पडद्यावर वीसपट ताणून दाखवायची, आणि आधीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना ती धुरकट दिसली की पुन्हा म्हणायचं, "काकू, चष्म्याचा नंबर बदलला असेल." ज्यांच्या घरी मुख्यतः केबल बघितली जाते त्यांनी मोठ्या पडद्याच्या पैशात मध्यम टीव्ही घ्यावा आणि उरलेल्या पैशात केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे. हे दुकानात कोणी सांगत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. मी मागते आहे ते कंपन्यांना जमत नाही असं नाही. ते त्या आजही विकतात, फक्त आम्हाला विकत नाहीत.

तुम्ही हॉटेलात उतरला असाल. खोलीत गेलं, रिमोट दाबला, की टीव्ही थेट ठरलेल्या चॅनलवर लागतो. आवाज एका मर्यादेपुढे जात नाही, सेटिंगमध्ये शिरता येत नाही, आणि आदल्या पाहुण्याने काय गोंधळ घातला होता त्याचा मागमूस उरत नाही. याला हॉटेल मोड म्हणतात. सुरू होताना कुठलं इनपुट लागावं, आवाज किती असावा, कमाल किती, मेनू उघडावा की नाही, बाजूची बटणं चालावीत की नाही, हे सगळं एकदा ठरवून कुलूप लावून टाकायचं. पेनड्राइव्हने एका टीव्हीची ही मांडणी दुसऱ्यात उतरवताही येते, कारण हॉटेलवाला शंभर खोल्यांत शंभर वेळा बसणार नाही. काही कंपन्यांच्या घरगुती टीव्हीतही हा मोड असतो, पण मेनूच्या तळघरात, किंवा तंत्रज्ञालाच ठाऊक असलेल्या बटणांच्या क्रमामागे. (ज्यांनी तो स्वतः शोधून लावला त्यांनी पासवर्ड लिहून ठेवावा, नाहीतर आवाज पंधरावर अडकला की तो तिथेच राहतो.)

एका रात्रीपुरत्या पाहुण्यासाठी कंपन्यांनी एवढा विचार केला आहे. त्याच खुर्चीवर रोज सहा तास बसणाऱ्या बाईसाठी का नाही? कारण उघड आहे. हॉटेलवाला खोल्यांच्या हिशेबाने टीव्ही घेतो आणि अट घालतो. आई एकच घेते. आणि तिच्या टीव्हीचा पहिला पडदा ही भाड्याने द्यायची जागा आहे. रिमोटवर एक ते नऊ आकडे नाहीत, पण चार-पाच ॲपची रंगीत बटणं आहेत. त्यातलं एकही आईने कधी मागितलेलं नाही. आई चॅनल आकड्याने ओळखते. बातम्यांचा नंबर तिला पाठ आहे, बहिणीच्या फोनसारखा. आकडे गेले आणि हाताशी आलेल्या बटणांतून ती चुकून ॲपच्या दुकानात शिरू लागली.

पहिल्या पडद्यावर काय असावं हे तंत्रज्ञानापेक्षा करारांनी ठरतं, ही काही माझी कल्पना नाही. भारतीय स्पर्धा आयोगासमोर अँड्रॉइड टीव्हीबद्दल हाच वाद चालला : टीव्ही कंपनीने एक ॲप घ्यायचं तर गूगलचा अख्खा संच घ्यावा लागतो का? एप्रिल 2025 मध्ये गूगलने 20.24 कोटी रुपये भरून प्रकरण मिटवलं, आणि भारतातल्या टीव्ही कंपन्यांना प्ले स्टोअर वेगळं, सुटं घेण्याची मुभा देण्याचं मान्य केलं. कंपन्यांना निवड मिळाली, चांगलं झालं. ती निवड अजून दिवाणखान्यापर्यंत पोचायची आहे.

तुमच्याकडे या कामाचा पाया तयार आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटलं. आयएस 17802 हे माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तू आणि सेवा सर्वांना वापरता येण्याबद्दलचं मानक तुम्हीच केलंत, आणि 2023 मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या नियमांत ते घातलं गेलं. ते नियम ज्या 2016 च्या कायद्याखालचे, त्याचं कलम 43 तर थेट ग्राहकोपयोगी वस्तू सर्वांना वापरता येतील अशा घडवण्याबद्दल आहे. आयएस 18112 हे 2022 चं मानक सॅटेलाइट ट्यूनर अंगभूत असलेल्या टीव्हीचं. त्यामुळे डीडी फ्री डिशसारखे मोफत चॅनल वेगळ्या बॉक्सशिवाय बघता येतील. एक पेटी कमी, एक रिमोट कमी. म्हणजे दोन रिमोटचा जाच तुमच्या समितीला कळलेला आहे! पण तो डिशवाल्यांपुरता कळला, केबलवाले बाहेरच राहिले. एप्रिल 2020 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, सरकारला शिफारस केली होती की एका केबल कंपनीचा बॉक्स दुसऱ्या केबल कंपनीकडेही चालावा आणि टीव्हीतच अशी खाच असावी की बॉक्सची गरज कमी व्हावी. ती शिफारस अजून माझ्या आईच्या घरापर्यंत आलेली नाही.

एचडीएमआयच्या वायरीतून टीव्ही आणि बॉक्स एकमेकांशी बोलू शकतात, ही सोय 2002 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तिचं नाव सीईसी. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राविया सिंक. एकाच बाळाची तीन बारशी. ती दोन्हीकडे नीट चालली तर टीव्ही लावला की बॉक्स जागा होतो, टीव्ही बंद केला की तोही झोपतो, चुकामूक संपली. पण ती सक्तीची नाही आणि केबलच्या कित्येक बॉक्सना तिचा गंधही नसतो. केबलच्या सेट टॉप बॉक्सचं मानकही तुमचंच आहे. एकाच इमारतीत दोन्ही मानकं लिहिली जातात, तर त्यांनी एकमेकांशी बोलायला काय हरकत आहे?

माझी मागणी मोठी नाही. टीव्ही पहिल्यांदा जोडताना भाषा, वायफाय, खातं, संमती असं सगळं विचारलं जातं. त्यात आणखी एक प्रश्न हवा : हा टीव्ही रोज सुरू झाल्यावर काय दिसावं? "केबल" असं उत्तर दिलं की पुढे रोज केबलच दिसावी. हे उत्तर अपडेटने पुसलं जाऊ नये. आमच्याकडे एका सकाळी टीव्हीने स्वतःला अद्ययावत केलं आणि मी महत्प्रयासाने लावलेली सेटिंग पुन्हा मूळपदावर आली. कंपनीचं नाव घेत नाही, दुसऱ्या कंपनीचं वेगळं असेल असं मला वाटत नाही. ज्या खाचांत काही जोडलेलं नाही त्या यादीत दिसू नयेत आणि जोडलेल्या खाचेला "केबल" असं मराठीत नाव देता यावं. रिमोटवर आकडे असावेत, किंवा निदान एक असं बटण, की कुठेही भरकटलं तरी ते दाबल्यावर माणूस केबलवर परत यावा. ते बटण बोटाला कळेल असं उंच असावं. म्हाताऱ्या बोटांना कंप असतो, बटण दाबून ठेवलं जातं, आणि दाबून ठेवण्याचा अर्थ हल्ली प्रत्येक रिमोटवर वेगळाच काहीतरी असतो. केबल निवडलेल्या टीव्हीत तसं काही नसावं.

आवाजाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण घराघरांतली भांडणं त्यावरून होतात. वयाबरोबर कान आधी बारीक, उंच स्वर सोडतो. स, श, फ हे उच्चार हरवतात, आणि मग मालिकेतली सून काय म्हणाली ते कळत नाही. आई आवाज वाढवते, त्याबरोबर पार्श्वसंगीत दुप्पट वाढतं आणि बोलणं तिथेच राहतं. टीव्ही पातळ झाले तसे त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसले, त्याने भर पडली. बोलणं उठावदार करण्याची सेटिंग बहुतेक टीव्हीत असते, पण पाच पायऱ्या आत. ती बाहेर आणा.

आणि खोक्यावर लिहा. विजेच्या बचतीचे तारे खोक्यावर असतातच; त्यांच्या शेजारी "सुरुवातीला थेट केबल/डिश लावता येते" अशी एक ओळ तपासून, खात्री करून छापायला काय लागतं? त्या ओळीने दुकानातला विक्रेता आपोआप शहाणा होईल. युरोपात 28 जून 2025 पासून तिथला सुगम्यता कायदा लागू झाला आणि स्मार्ट टीव्हीही त्याखाली आले. तिथे विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या इथेही विकतात. तिकडच्या आजीला जे द्यावंच लागतं ते इकडच्या आजीला देताना कारखाना नव्याने उभारावा लागणार नाही.

पत्र खुलं आहे, तेव्हा महोदय, दोन परिच्छेद तुमच्या खांद्यावरून माझ्यासारख्या मुलामुलींशी बोलते. मानक येईल तेव्हा येईल, दसरा-दिवाळीला टीव्ही घ्यायचाच असतो. दुकानात जाण्याआधी आईवडिलांच्या बॉक्सच्या पाठीचा फोटो काढा. तीन रंगी पिनांची वायर असेल तर नव्या टीव्हीला त्या पिना आहेत का ते बघा. बऱ्याच टीव्हींतून त्या गेल्या आहेत, किंवा वेगळा जोड लागतो. दुकानात रिमोट आईच्या हातात द्या, तुमच्या नको. घरी आणल्यावर आधी ही सेटिंग शोधा : सॅमसंगमध्ये ऑटोरन स्मार्ट हब बंद करा, एलजीमध्ये होम ऑटो लाँच बंद करा, नावं मॉडेलप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतात. गूगल टीव्ही असेल तर पहिल्या जोडणीत "बेसिक टीव्ही" हा पर्याय येतो, तो घेतला तर ॲपचा बाजार भरतच नाही. आईवडिलांनी स्वतः यूट्यूब मागितलं नसेल तर वायफाय जोडूच नका. आपल्याला वाटतं बिचाऱ्यांना सगळं मिळावं. त्या "सगळं"मध्ये त्यांचं एक हवं ते हरवतं. साधा, स्मार्ट नसलेला 32 इंची टीव्हीही अजून मिळतो. दुकानदार आपण होऊन काढत नाही, मागावा लागतो.

आणि केबलवाल्याला चहा पाजून एक काम करून घ्या. बॉक्सच्या अनेक रिमोटवर वरच्या कोपऱ्यात टीव्हीसाठी तीन-चार बटणं असतात आणि ती शिकवता येतात. दोन रिमोट टेबलावर डोक्याला डोकं लावून ठेवायचे, बॉक्सच्या रिमोटवरचं सेटचं बटण लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबायचं, मग शिकवायचं बटण, मग टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण. चालू-बंद आणि आवाज एवढं शिकवलं की टीव्हीचा रिमोट कपाटात जातो. आमच्याकडे तो नुकताच गेला. उरलेल्या रिमोटवर चालू-बंदच्या दोन बटणांना लाल नेलपॉलिशचा ठिपका आणि खालच्या नको त्या बटणांवर चिकटपट्टी, अशी सध्याची व्यवस्था आहे. हजारो रुपयांच्या यंत्राला दहा रुपयांच्या चिकटपट्टीने वापरण्यायोग्य करावं लागतं, याची नोंद समितीने घ्यावी.

2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींवर होती. आज ती नक्कीच जास्त आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या घरात दुपारभर दुसरा आवाज टीव्हीचाच असतो. या माणसांची संघटना नाही, ती ऑनलाइन तारे देत नाहीत, परताव्याचा अर्ज भरत नाहीत. "माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं" म्हणून गप्प बसतात. त्यांच्या वतीने अट घालू शकेल असं गिऱ्हाईक तुमच्याखेरीज दुसरं नाही.

म्हणून विनंती अशी. टीव्हीच्या मानकांचं काम बघणाऱ्या समितीच्या पुढच्या बैठकीत एक नवा स्मार्ट टीव्ही, एक केबलचा बॉक्स ठेवा आणि सत्तरी ओलांडलेली दोन-तीन माणसं बोलवा. एखादा केबलवालाही असू दे, त्याला कंपन्यांच्या अभियंत्यांहून जास्त ठाऊक असतं. त्या माणसांना फक्त सांगा, टीव्ही लावा आणि तुमचा रोजचा चॅनल काढा. कोणी मदत करू नये. जे दिसेल ते इतिवृत्तात लिहा, आणि त्यावरून मसुदा करा. तो मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला कराल तेव्हा मराठीतही द्या. आईला सूचना पाठवायच्या आहेत. तिने त्या आताच वहीत लिहून ठेवल्या आहेत.

कळावे,

आपली,
मिरजेच्या एका केबल ग्राहकाची मुलगी